दुर्बिणीशिवाय दीर्घिकेचं वस्तुमान: गुरुत्वीय भिंगाचं वलय कसं मोजायचं

मृगाचा पाऊस सुरू झाला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात झाकलं गेलेलं आकाश दसऱ्यापर्यंत धड मोकळं होत नाही. निपाणी-चिक्कोडीकडं पाऊस कमी, पण ढग तिथंही हटत नाहीत. दुर्बीण असलेली मुलं या दिवसांत हिरमुसून बसतात आणि दुर्बीण नसलेल्यांना वाटतं, हा विषय आपला नव्हेच. हे मार्गदर्शन दोघांसाठी आहे. लागतं ते एवढंच: इंटरनेट, साधा लॅपटॉप आणि पीयूसी सेकंड इयरपर्यंतचं, म्हणजे बारावीचं गणित. हाती येतं ते अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका दीर्घिकेचं वस्तुमान, आणि तेही थोडक्या टक्क्यांच्या फरकानं.

मराठी शाळेत दहावी आणि मग एकदम इंग्रजीतून पीयूसी, हा आपल्या भागातल्या पुष्कळ मुलांचा प्रवास. कल्पना एकदा आपल्या भाषेत पक्की बसली की पुढं इंग्रजी शोधनिबंध वाचताना अडखळायला होत नाही. म्हणून इथं एकही पायरी गाळलेली नाही आणि आकडेमोड शेवटच्या उत्तरापर्यंत नेली आहे.

लंबगोल दीर्घिकाच का

सर्पिल दीर्घिकेचं वस्तुमान काढायची जुनी वाट आहे. तिच्या चकतीतला वायू शिस्तीत फिरतो. फिरण्याचा वेग मोजला की आतलं वस्तुमान निघतं. लंबगोल दीर्घिकेत अशी चकती बहुधा नसते. तारे वाटेल त्या दिशेनं, वाटेल तेवढ्या कललेल्या कक्षांमध्ये फिरतात. त्यांच्या वेगांची सरमिसळ किती आहे हे वर्णपटातून कळतं. त्याला वेग-विखुरण म्हणतात. पण तेवढ्यावरून वस्तुमान काढायचं तर कक्षा जास्त करून वर्तुळाकार आहेत की लांबट, हे गृहीत धरावं लागतं. गृहीतक बदललं की उत्तर बदलतं.

गुरुत्वीय भिंगाला हा प्रश्नच पडत नाही. मागून येणारा प्रकाश किती वळला एवढंच आपण मोजतो. तो वळवणारं वस्तुमान ताऱ्यांचं आहे की कृष्णद्रव्याचं (प्रकाश न देणाऱ्या, फक्त गुरुत्वातून जाणवणाऱ्या द्रव्याचं), स्थिर आहे की फिरतं आहे, याच्याशी प्रकाशाला देणंघेणं नाही. शिवाय लंबगोल दीर्घिका भारी असतात आणि त्यांचं वस्तुमान मध्याकडे दाटलेलं असतं, त्यामुळं दीर्घिकांच्या पातळीवर सापडलेली बहुतेक भिंगं लंबगोलच आहेत.

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३७ सालीच सांगितलं होतं की दीर्घिका भिंगाचं काम करतील आणि त्यावरून त्यांचं वस्तुमान काढता येईल. प्रत्यक्ष पहिलं भिंग सापडायला १९७९ साल उजाडलं: एकाच क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) सहा विकलांच्या अंतरावर दिसणाऱ्या दोन प्रतिमा. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. त्या जोडीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंह, सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी अगदी सुरुवातीच्या काळात काम केलं. आपल्याकडं हा विषय उपरा नाही.

आधी हे ठरवा: वस्तुमान नेमकं कशाचं

ही गोष्ट पक्की झाली नाही तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही अर्थ चुकतो, म्हणून इथं जरा थांबतो.

दूरची एखादी दीर्घिका (तिला स्रोत म्हणू) आणि जवळची लंबगोल दीर्घिका (भिंग) आपल्या नजरेच्या एकाच रेषेत आल्या की स्रोताचा प्रकाश भिंगाच्या चहूबाजूंनी वळून येतो आणि आपल्याला वलय दिसतं. हे आइन्स्टाइन वलय. त्याची कोनीय त्रिज्या म्हणजे आइन्स्टाइन त्रिज्या. या त्रिज्येवरून निघतं ते आकाशावर त्या वलयाच्या आत दिसणारं सगळं वस्तुमान. म्हणजे आपल्या नजरेच्या दिशेनं लांबलचक नळकांडं कल्पिलं, तर त्याच्या आत पुढं-मागं जे काही आहे ते सगळं. हे गोलाच्या आतलं वस्तुमान नव्हे, आणि पूर्ण दीर्घिकेचं तर नव्हेच. वलयाच्या बाहेर दीर्घिका कितीही पसरलेली असली तरी तिच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही.

ही मर्यादा नीट समजून घेतली की याच मोजमापाचं बळही कळतं. नळकांड्याच्या आत वस्तुमान कसं पसरलं आहे यावर उत्तर फारसं अवलंबून नसतं. दीर्घिकांच्या बाबतीत इतक्या कमी गृहीतकांवर उभा असलेला दुसरा आकडा मला माहीत नाही.

पहिली पायरी: भिंग निवडा

सुरुवात ठळक भिंगापासून करा. सिंह राशीत 'कॉस्मिक हॉर्सशू' नावाचं भिंग आहे, म्हणजे घोड्याचा नाल. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. मध्यभागी तांबूस-पिवळी लंबगोल दीर्घिका आणि भोवती साधारण ३०० अंशांचं निळं वलय. त्याचा आकाशातला पत्ता, म्हणजे निर्देशांक: विषुवांश १७७.१३८१ अंश, क्रांती +१९.५००९ अंश. उत्तरा फाल्गुनीच्या ताऱ्यापासून उत्तरेला साधारण पाच अंशांवर ही जागा येते. एप्रिलमध्ये रात्री साडेदहा-अकराला बेळगावात ती जवळजवळ डोक्यावर असते. डोळ्यांना तिथं काही दिसणार नाही, पण आपण कुठलं काम करतोय ती जागा एकदा आकाशात बघून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

नवीन भिंगं शोधायची हौस असेल तर 'स्पेस वॉर्प्स' हा लोकसहभागाचा प्रकल्प आहे. तो सुरू करणाऱ्यांमध्ये पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या अनुप्रीता मोरे आहेत. चित्रं बघून भिंगं ओळखायचं काम तिथं कुणालाही करता येतं, आणि डोळा तयार व्हायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

वलयासारखं दिसणारं सगळंच भिंग नसतं. सर्पिल बाहू आणि वलयाकार दीर्घिका हमखास फसवतात. चार गोष्टी तपासा. कमान मधल्या दीर्घिकेकडं वाकलेली आहे का? कमानीचा रंग दीर्घिकेपेक्षा वेगळा आहे का? एका बाजूला कमान असेल तर समोरच्या बाजूला, दीर्घिकेच्या जरा जवळ, त्याच रंगाची छोटी प्रतिमा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्णपटात दोन वेगवेगळ्या ताम्रसृती (विश्व पसरल्यामुळं प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप; वस्तू जितकी दूर तितकी ती जास्त) दिसतात का? शेवटचा पुरावा मिळाल्याशिवाय भिंग म्हणू नये.

दुसरी पायरी: त्रिज्या मोजा

लेगसी सर्व्हेज या आकाशाची चित्रं टिपणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचा आकाशदर्शक उघडा, वरचे निर्देशांक टाका आणि पूर्ण मोठं करा. निळा नाल लगेच डोळ्यात भरतो. तिथंच थर बदलायची सोय आहे. 'रेसिड्युअल्स' हा थर लावला की ओळखीच्या आकारांचा प्रकाश वजा होऊन उरलेला दिसतो आणि कमानी जास्त उठून येतात. मोजमापासाठी मात्र रंगीत चित्राचा स्क्रीनशॉट घेऊ नका. त्या जागेची फिट्स फाइल उतरवून घ्या आणि 'डीएस९' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फिट्समध्ये प्रत्येक पिक्सेलचा आकाशावरचा पत्ता नोंदलेला असतो, त्यामुळं मापं थेट विकलांमध्ये मिळतात.

आता प्रत्यक्ष मोजणी. निळ्या किंवा हिरव्या गाळणीतलं चित्र घ्या, कारण त्यात वलय तेजस्वी आणि मधली तांबूस दीर्घिका फिकी असते. तेजाची मापपट्टी लॉगवर ठेवा. वलयाला जाडी असते. आतली किंवा बाहेरची कड पकडू नका, सगळ्यात तेजस्वी कणा पकडा. कण्यावर दर ३० अंशांनी एक बिंदू ठेवा आणि प्रत्येकाचं दीर्घिकेच्या केंद्रापासूनचं अंतर स्प्रेडशीटमध्ये लिहा. नाल उघडा आहे तिथले बिंदू रिकामे सोडा, अंदाजानं भरू नका.

या सर्व्हेचा पिक्सेल ०.२६२ विकलांचा आहे आणि वलयाची त्रिज्या ५.१ विकला, म्हणजे केंद्रापासून कणा साडेएकोणीस पिक्सेलवर येतो. एका पिक्सेलची चूक म्हणजे पाच टक्के. सगळ्या बिंदूंची सरासरी घेतली की ही चूक बरीच आटोक्यात येते. हबल अवकाश दुर्बिणीच्या वाइड फील्ड कॅमेरा-३ चं चित्र मास्ट या संग्रहातून फुकट मिळतं. त्याचा पिक्सेल ०.०४ विकलांचा, म्हणजे तीच त्रिज्या तिथं सव्वाशेहून जास्त पिक्सेलची होते. फाइल मोठी असते. गावातलं नेटवर्क धड नसेल तर शहरात आल्यावर उतरवून ठेवावी.

वलय लांबट दिसलं तर मोठी आणि छोटी अर्धी लांबी मोजा, त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. पूर्ण वलय नसून समोरासमोर दोनच प्रतिमा असतील तर केंद्रापासूनच्या त्यांच्या अंतरांची सरासरी घ्या. स्रोत रेषेतून थोडा सरकला की एक प्रतिमा जितकी बाहेर जाते साधारण तितकीच दुसरी आत येते, म्हणून सरासरी टिकते.

तिसरी पायरी: दोन ताम्रसृती

भिंगाची ताम्रसृती स्लोन सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाच्या वर्णपटात मिळते. प्रकाशित आकडा तयार असतोच, पण एकदा तरी स्वतः काढून बघा. लंबगोल दीर्घिकेत कॅल्शियमच्या दोन शोषणरेषा शेजारीशेजारी दिसतात, मूळ जागा ३९३४ आणि ३९६९ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक). हॉर्सशूच्या भिंगात त्या ५६८१ आणि ५७३१ च्या आसपास सरकलेल्या असतात. ५६८१ ला ३९३४ नं भागा, एक वजा करा: ०.४४४. स्रोताची ताम्रसृती २.३८१ आहे. तिथं हायड्रोजनची १२१६ अँगस्ट्रॉमची अतिनील रेषा सरकत सरकत ४१११ ला, म्हणजे डोळ्यांना जांभळ्या दिसणाऱ्या प्रकाशात येते.

लंबगोल दीर्घिकेच्या वर्णपटात तिच्या स्वतःच्या नसलेल्या, जास्त ताम्रसृतीच्या तेजोरेषा डोकावताना दिसल्या तर मागं काहीतरी आहे हे नक्की. स्लोनच्या हजारो वर्णपटांमधून अशा रेषा निवडायच्या आणि मग हबलनं तिथं बघायचं, याच युक्तीवर स्लॅक्स ही भिंगांची प्रसिद्ध मालिका उभी राहिली.

चौथी पायरी: अंतरं, आणि इथली हमखास चूक

ताम्रसृतीवरून अंतर काढण्यासाठी नेड राइट यांचं विश्वशास्त्रीय गणकयंत्र वापरा. हबल स्थिरांक (विश्व किती वेगानं पसरतं तो आकडा) ७०, द्रव्याचा वाटा ०.३ भरा आणि सपाट विश्वाचं बटण दाबा. उत्तरात सहगामी अंतर (विश्वाचं पसरणं धरून आजचं अंतर) आणि कोनीय अंतर (आकाशावरच्या कोनावरून खरा आकार काढायला लागतं ते) दोन्ही येतात, मेगापार्सेकमध्ये. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. सहगामी अंतराला (१ + ताम्रसृती) नं भागलं की कोनीय अंतर मिळतं.

हॉर्सशूसाठी:

भिंग: सहगामी १७०२, कोनीय ११७९ मेगापार्सेक
स्रोत: सहगामी ५६८६, कोनीय १६८२ मेगापार्सेक

भिंगापासून स्रोतापर्यंतचं अंतरही लागतं. इथं मुलं पटकन १६८२ मधून ११७९ वजा करतात आणि ५०३ लिहून पुढं जातात. पसरणाऱ्या विश्वात कोनीय अंतरांची अशी वजाबाकी चालत नाही. वजाबाकी सहगामी अंतरांची करायची आणि मग स्रोताच्या (१ + ताम्रसृती) नं भागायचं:

(५६८६ − १७०२) ÷ ३.३८१ = ११७८ मेगापार्सेक

५०३ वापरलं असतं तर वस्तुमान सव्वादोन पटीहून जास्त फुगलं असतं, आणि उत्तर बघून संशयही आला नसता. म्हणूनच ही पायरी वहीत वेगळी लिहून काढावी.

पाचवी पायरी: वस्तुमान

सूत्र असं आहे: प्रकाशवेगाचा वर्ग भागिले गुरुत्वस्थिरांकाची चौपट, गुणिले आइन्स्टाइन त्रिज्येचा वर्ग, गुणिले प्रभावी अंतर. स्थिरांक एकदाच घालून, त्रिज्या विकलांमध्ये आणि अंतर मेगापार्सेकमध्ये घेतलं तर हाताशी ठेवण्याजोगं रूप मिळतं:

प्रभावी अंतर = भिंगाचं अंतर × स्रोताचं अंतर ÷ भिंग-स्रोत अंतर
वस्तुमान (सूर्यांच्या पटीत) = १२.२८ कोटी × त्रिज्या × त्रिज्या × प्रभावी अंतर

हॉर्सशूसाठी प्रभावी अंतर ११७९ × १६८२ ÷ ११७८, म्हणजे जवळपास १६८३ मेगापार्सेक. त्रिज्या ५.१, तिचा वर्ग २६.०१. गुणाकार करा: सुमारे ५.४ लाख कोटी सूर्य. शोध जाहीर झाला तेव्हा शोधनिबंधातही हाच आकडा होता. खानापुरात बसून, कॅल्क्युलेटरवर, तुम्ही तिथंच पोचता.

हे वस्तुमान किती मोठ्या जागेतलं? ५.१ विकलांची त्रिज्या भिंगाच्या अंतरावर सुमारे २९ किलोपार्सेक होते, म्हणजे ९५ हजार प्रकाशवर्षं. उत्तर लिहिताना ही त्रिज्या सोबत लिहायचीच. त्रिज्येशिवाय लिहिलेल्या वस्तुमानाला अर्थ नाही.

आता दुसरं टोक: एनजीसी ६५०५

युक्लिड ही युरोपीय अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी सुटली. तिच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांतच एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवती अख्खं आइन्स्टाइन वलय दिसलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते जाहीर झालं. ही दीर्घिका १८८४ सालापासून माहीत आहे. वलय मात्र तिच्या गाभ्याच्या झगमगाटात लपलेलं होतं.

भिंगाची ताम्रसृती ०.०४२, स्रोताची ०.४०६, वलयाची त्रिज्या २.५ विकला. तुम्ही करून बघा; माझे आकडे असे येतात: भिंग १७१, स्रोत १११८, भिंग ते स्रोत ९९१ मेगापार्सेक; प्रभावी अंतर १९३. वस्तुमान सुमारे १४,८०० कोटी सूर्य. वलयाची त्रिज्या फक्त २.१ किलोपार्सेक.

हॉर्सशूच्या तुलनेत वस्तुमान छत्तीस पटीनं कमी. म्हणून ही दीर्घिका हलकी म्हणायची का? मुळीच नाही. तिचा अर्धा प्रकाश १२.३ विकलांच्या त्रिज्येत मावतो आणि वलय आहे २.५ विकलांवर, म्हणजे आपण तिचा केवळ गाभा मोजला. भिंग जवळ असलं की वलय दीर्घिकेच्या पोटात पडतं. लांब असलं की तिच्या बाहेरच्या भागात. दोन दीर्घिकांची भिंगवस्तुमानं समोरासमोर ठेवण्याआधी दोन्ही वलयं किती किलोपार्सेकवर आहेत ते बघा. बातम्यांमध्ये ही तुलना सर्रास चुकते.

सहावी पायरी: कृष्णद्रव्य वेगळं काढणं

चिक्कोडी-हुक्केरीकडच्या साखर कारखान्यांवर उसाची ट्रॉली आधी भरून काट्यावर चढते आणि नंतर रिकामी. फरक निघतो तो ऊस. इथं भरलेलं वजन भिंगानं दिलं. रिकामं वजन म्हणजे ताऱ्यांचं वस्तुमान, ते प्रकाशावरून काढायचं. उरेल ते कृष्णद्रव्य.

त्यासाठी वलयाच्या आतला दीर्घिकेचा प्रकाश मोजा, दोन-तीन गाळण्यांतल्या रंगांवरून ताऱ्यांचं वय आणि प्रकार ठरवा, आणि दर एका सूर्याच्या तेजामागं किती सूर्यांचं वस्तुमान येतं तो गुणक लावा. अडचण गुणकातच आहे. बारीक, मंद तारे प्रकाश जवळपास देत नाहीत, पण वस्तुमानात मोठी भर घालतात. ते किती मानायचे यासाठी साल्पीटर आणि शाब्रिए यांची दोन वितरणं प्रचलित आहेत, आणि दोन्हींच्या उत्तरांत साधारण १.७ पटीचा फरक पडतो. म्हणून ताऱ्यांचं वस्तुमान सांगताना कुठलं वितरण घेतलं ते लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नये.

एनजीसी ६५०५ च्या अभ्यासात वलयाच्या आत कृष्णद्रव्य ११ टक्क्यांच्या आसपास निघालं. गाभ्यात ताऱ्यांचंच राज्य आहे. हॉर्सशूसारखं बाहेरवर गेलेलं वलय असलं की हिशेब उलटतो आणि मोठा वाटा कृष्णद्रव्याचा होतो. याच हॉर्सशूच्या केंद्रात ३६०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचं २०२५ सालच्या अभ्यासात मांडलं गेलं. एवढं राक्षसी विवर, तरी वलयातल्या एकूण वस्तुमानाच्या ते एक टक्काही नाही.

सातवी पायरी: वेगाशी ताळा

दीर्घिकेत घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असं मानलं तर आइन्स्टाइन त्रिज्येवरून ताऱ्यांचा अपेक्षित वेग-विखुरण आकडा निघतो:

वेग (किमी प्रति सेकंद) = १८६ × वर्गमूळ (त्रिज्या × स्रोताचं अंतर ÷ भिंग-स्रोत अंतर)

एनजीसी ६५०५ साठी ३१२ येतात. वर्णपटातून मोजलेला वेग ३०३, पंधरा कमीजास्त. सुरेख जुळतं. हॉर्सशूसाठी ५०२ येतात, आणि मोजलेला वेग ३४४ च्या आसपास आहे. इथं घाबरून गणित पुन्हा तपासत बसू नका. ताऱ्यांचा वेग मधल्या भागातला आहे आणि वलय बरंच बाहेर आहे. साधं गृहीतक एवढ्या अंतरावर ताणलं की तुटतं, आणि किती तुटलं त्यावरूनच आतून बाहेर वस्तुमान कसं पसरलं आहे ते कळतं. स्लॅक्सच्या भिंगांवर हाच ताळा लावून घनतेचा घातांक सरासरी २.०८ निघाला (वर्गाच्या नियमात तो २ असतो). तारे आणि कृष्णद्रव्य वेगवेगळे पसरलेले असूनही दोघांची बेरीज वर्गाच्या नियमाच्या इतकी जवळ यावी, याचं अजूनही संशोधकांना कोडं आहे. मला या विषयात सगळ्यात जास्त खेचणारी गोष्ट हीच.

आठवी पायरी: संगणकावर प्रतिकृती

हाताच्या मोजणीनंतर 'लेन्स्ट्रॉनॉमी' किंवा 'पायऑटोलेन्स' वापरता येतात. दोन्ही पायथनमध्ये आणि मोफत. लॅपटॉप कमकुवत असेल तर गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच चालतात.

चार वस्तू तयार ठेवा: भिंगाभोवतीचा चित्राचा तुकडा, प्रत्येक पिक्सेलचा गोंगाट सांगणारा नकाशा, शेजारच्या एखाद्या साध्या ताऱ्यावरून घेतलेला दुर्बिणीचा पसरट ठिपका, आणि आजूबाजूच्या नको त्या वस्तू झाकणारा मुखवटा. ठिपका चुकला तर पुढचं सगळं चुकतं, त्यामुळं वेळ तिथं घालवा.

क्रम महत्त्वाचा. आधी वलय झाकून फक्त भिंगाचा प्रकाश बसवा. मग तो तसाच धरून लंबगोल वस्तुमान आणि बाहेरचा ताण (शेजारच्या वस्तुमानाच्या ओढीनं वलयाला येणारा तिरकेपणा) बसवा; त्रिज्येचा पहिला अंदाज तुम्ही हातानं मोजलेलाच द्या. शेवटी सगळे आकडे एकत्र मोकळे सोडा. सगळं एकदम मोकळं सोडलं तर संगणक भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो आणि छान दिसणारं चुकीचं उत्तर देतो.

उरलेल्या फरकाच्या चित्रात वलयाच्या जागी लाल-निळे पट्टे दिसत असतील तर प्रतिकृती अपुरी आहे. बाहेरचा ताण ०.१५ च्या वर गेला तर शेजारी एखादी जड दीर्घिका किंवा समूह आहे का ते चित्रात शोधा. आणि हातानं मोजलेली त्रिज्या प्रतिकृतीच्या त्रिज्येपासून पाच टक्क्यांहून जास्त दूर असेल तर संगणकावर विश्वास टाकण्याआधी कारण शोधा.

चूक किती लिहायची

त्रिज्येचा वर्ग असल्यानं त्यातली २ टक्के चूक वस्तुमानात ४ टक्के होते. हबल स्थिरांक ७० ऐवजी ७३ धरला तर हॉर्सशूचं वस्तुमान ५.४ वरून ५.१५ लाख कोटींवर येतं; ६७.४ धरला तर ५.६ वर जातं. ताम्रसृतीतली चूक नगण्य. सगळ्यात लबाड चूक नजरेच्या रेषेतल्या इतर वस्तुमानाची. १९७९ च्या त्या क्वेसार जोडीत भिंग-दीर्घिका एका समूहात बसलेली आहे. सहा विकलांचा दुरावा एकट्या दीर्घिकेच्या खात्यावर टाकला तर तिचं वस्तुमान अवाजवी फुगतं. एकसारखी पसरलेली वस्तुमानाची चादर मध्ये असली तर वलयाचं चित्र ती आहे की नाही हे सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारच्या दीर्घिकांच्या ताम्रसृती किंवा ताऱ्यांचे वेग लागतात.

सरावासाठी स्लॅक्समधलं एक भिंग देतो: एसडीएसएस जे००३७−०९४२. भिंगाची ताम्रसृती ०.१९५५, स्रोताची ०.६३२२, त्रिज्या १.५३ विकला. वरच्याच स्थिरांकांनी वस्तुमान २९,००० कोटी सूर्यांच्या किंचित वर आणि अपेक्षित वेग २८५ च्या आसपास यायला हवा; वर्णपटातून मोजलेला वेग २७९ आहे. वस्तुमान ३६ हजार कोटींच्या वर गेलं असेल तर चौथ्या पायरीवर परत जा, अंतरांची वजाबाकी तपासा.